ऐकीव गोष्टींशी शहरांची झुंज

चिनी दुकानदारांना पहिली काही वर्षे कर भरावा लागत नाही, ही गोष्ट स्पेनमध्ये इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. कुणी पाच वर्षे सांगतो, कुणी सात. सवलत संपत आली की दुकान भावाच्या नावावर करायचे आणि नव्याने सवलत घ्यायची, अशी पुढची कडीही तिला जोडलेली असते. असा कायदा तिथे नाही. तरी इटलीतही हीच गोष्ट थोड्याफार फरकाने सांगितली जाते. दवाखाने बाहेरच्यांनीच भरलेत, शाळांचा दर्जा त्यांच्या मुलांमुळे घसरला, सरकारी मदत आधी त्यांनाच मिळते, या तिच्या सख्ख्या बहिणी. शहर कुठलेही असो, देश कुठलाही असो, बाहेरून आलेल्यांविषयी बोलल्या जाणाऱ्या गोष्टींचा साचा फारसा बदलत नाही. म्हणूनच या गोष्टींना तोंड द्यायचे तर शहरांनी एकमेकांकडून शिकावे, हा विचार पुढे आला आणि त्याला मूर्त रूप दिले बार्सिलोनाने.

२००० साली बार्सिलोनात परदेशी नागरिकांचे प्रमाण शेकडा चारसुद्धा नव्हते. २००९ पर्यंत ते शेकडा अठराच्या आसपास गेले. एका दशकात एवढा बदल युरोपातल्या फार थोड्या मोठ्या शहरांनी पाहिला असेल. एक्वादोर, बोलिव्हिया, मोरोक्को, पाकिस्तान, चीन, इटली अशा नाना ठिकाणांहून माणसे आली. बंदराजवळच्या राव्हाल या जुन्या, दाट वस्तीत किराणा आणि मोबाइलची दुकाने पाकिस्तानी आणि बांगलादेशी माणसे चालवू लागली. म्हाताऱ्यांची शुश्रूषा लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका करू लागल्या. तेवढ्यात २००८ ची मंदी आली, बांधकामे थांबली, बेरोजगारी भराभर वाढली. अफवेला हवी असते तशी जमीन तयार झाली.

त्याच काळात महापालिका शहराच्या आंतरसांस्कृतिक धोरणाची आखणी करत होती. त्यासाठी नागरिकांना, संस्थांना, दुकानदारांना, शिक्षकांना विचारले गेले की वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांना एकत्र नांदताना अडचण कशाची येते. उत्तरात कायदा, भाषा किंवा रोजगार आधी येईल असे वाटणे साहजिक होते. पण निम्म्याच्या जवळपास उत्तरांत बोट दाखवले गेले ते परस्परांविषयीच्या अज्ञानाकडे, ठोकळेबाज समजुतींकडे आणि अफवांकडे. रस्ता खराब आहे म्हणावे तर महापालिकेकडे डांबर असते. लोकांच्या बोलण्यावर काय उपाय करायचा? शहराचे त्या वेळचे स्थलांतरविषयक आयुक्त डॅनिएल दे तोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न सोडून दिला नाही, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते. २०१० मध्ये ‘अफवाविरोधी जाळे’ उभे राहिले. महापालिका त्यात एक भागीदार होती. बाकी रहिवासी संघ, स्थलांतरितांच्या संघटना, शाळा, वाचनालये आणि साधे नागरिक.

कामाची रीत अशी. शहरात कोणत्या अफवा फिरतात ते आधी गोळा करायचे. मग प्रत्येकीमागचे खरे आकडे महापालिकेच्या खात्यांतून मिळवायचे. दवाखान्यांचेच घ्या. स्थलांतर करून येणारा माणूस बहुधा ऐन उमेदीतला असतो, आणि तरुण माणूस डॉक्टरकडे कमी जातो. उलट ज्या वस्तीत दवाखान्यासमोर रांग वाढली, तिथे माणसे वाढली पण डॉक्टर तेवढेच राहिले, असे घडलेले असू शकते. रांग खरीच असते. तिचे कारण मात्र चुकीच्या माणसाच्या माथी मारलेले असते. या भेदावर ही सगळी मोहीम उभी आहे. लोकांचा त्रास खोटा ठरवायचा नाही, त्रासाचा दोष कुणाकडे जातो ते मात्र तपासायचे.

पण माहिती गोळा झाली म्हणजे काम झाले, असे तिथल्या कुणी मानले नाही. खरा भर होता ‘अफवाविरोधी प्रतिनिधीं’वर. नागरिकांना मोफत प्रशिक्षण मिळे. ते मुख्यतः बोलायचे कसे याचे असे. कुटुंबात जेवताना, न्हाव्याच्या दुकानात, कामाच्या ठिकाणी, शाळेच्या फाटकाशी कुणी असे वाक्य टाकले तर काय करायचे? गप्प बसलो तर ते पटल्यासारखे होते, अंगावर धावून गेलो तर समोरचा हट्टाला पेटतो. म्हणून प्रशिक्षणात सांगत की आधी ऐका. मग विचारा, हे कुठे ऐकले, तुमच्या ओळखीत असे कुणी आहे का, तुमचा स्वतःचा अनुभव काय. वंशद्वेष्टे म्हणून कुणावर शिक्का मारू नका. ज्यांचे मत दगडासारखे पक्के झाले आहे त्यांच्यामागे शक्ती घालवू नका. जे अजून दोन्हीकडे झुकतात, ज्यांच्या मनात शंका आहेत, ती माणसे संख्येने कितीतरी जास्त असतात आणि बोलायचे ते त्यांच्याशी.

याच्या जोडीला चित्रकथाही आल्या. मिगेल गायार्दो हा स्पेनमधला नामांकित चित्रकथाकार. त्याने या मोहिमेसाठी ‘ब्लांका रोसिता बार्सिलोना’ नावाची मालिका काढली. तिच्यात एक आजीबाई आहेत आणि त्यांची काळजी घेणारी, दक्षिण अमेरिकेतून आलेली तरुणी आहे. दोघींच्या रोजच्या व्यवहारातून एकेक समजूत उलगडत जाते. पालिकेच्या पत्रकापेक्षा अशी पुस्तिका बसथांब्यावर जास्त वाचली जाणार, हे उघड आहे.

माहिती पुरेशी नसते, ही शंका तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ‘बॉस्टन हेरल्ड’ या दैनिकाने ‘अफवांचा दवाखाना’ नावाचे सदर सुरू केले. वाचकांनी कळवलेली अफवा छापायची आणि तिचे खंडन द्यायचे. पाहता पाहता इतर शहरांतल्या वृत्तपत्रांनी ती कल्पना उचलली. मात्र सरकारच्या युद्धमाहिती खात्याला भीती वाटू लागली की ज्यांनी अफवा ऐकलीच नव्हती त्यांच्यापर्यंतही ती या सदरांमुळे पोचेल. त्या काळात अफवांचा अभ्यास करणाऱ्या गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात एक सूत्र मांडले. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो, विषय माणसाला किती महत्त्वाचा वाटतो आणि त्याविषयीची परिस्थिती किती धूसर आहे. गुणाकार असल्यामुळे दोन्हींपैकी एक शून्य झाली तरी अफवा मरते. घर, नोकरी, मुलांची शाळा हे विषय कुणालाच बिनमहत्त्वाचे वाटणार नाहीत. तेव्हा शहराच्या हाती उरते ते धूसरपण कमी करणे.

पुढे १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले की एखादे विधान पुन्हापुन्हा कानावर पडले की ते खरे असो वा खोटे, जास्त खरे वाटू लागते. म्हणून ‘ही अफवा खोटी आहे’ असे मोठ्या अक्षरांत छापून तिच्यातलेच वाक्य भिंतीभिंतीवर लावणे धोक्याचे ठरू शकते. आकड्यांचीही मर्यादा आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बेर्तो अलेसिना, अर्मांदो मियानो आणि स्टेफनी स्टांचेव्हा यांनी सहा श्रीमंत देशांतल्या लोकांना विचारले की तुमच्या देशात स्थलांतरित किती. अमेरिकेत कायदेशीर स्थलांतरितांचे प्रत्यक्ष प्रमाण शेकडा १० होते, लोकांचा सरासरी अंदाज ३६. इटलीतही प्रत्यक्ष १०, अंदाज २६. मग काहींना खरे आकडे सांगितले. तेवढ्याने गरिबांसाठीच्या योजनांबद्दलची त्यांची मते हलली नाहीत. मेहनतीने जगणाऱ्या एका स्थलांतरित व्यक्तीचा दिवस दाखवणारी छोटी फिल्म पाहिलेल्यांच्या मतांत मात्र थोडा फरक पडला. आकडे हवेतच, कारण त्यांच्यावाचून प्रतिनिधीच्या बोलण्याला आधार राहत नाही. पण माणूस माणसाकडून जे स्वीकारतो ते तक्त्याकडून स्वीकारत नाही.

बार्सिलोनाचे काम आधी स्पेनमधल्या इतर शहरांत पसरले. २०११ मध्ये तिथल्या आंतरसांस्कृतिक शहरांचे स्वतंत्र जाळे तयार झाले. त्याआधीच, २००८ पासून, युरोप परिषदेचा ‘आंतरसांस्कृतिक शहरे’ हा कार्यक्रम चालू होता. या परिषदेने आणि युरोपीय संघाने मिळून २०१४-१५ मध्ये एक प्रकल्प चालवला. त्यात सात देशांतली अकरा शहरे होती. स्पेनमधून बार्सिलोना, बिल्बाओ आणि साबादेल, पोर्तुगालमधून अमादोरा आणि लोरेस, जर्मनीतून न्यूर्नबर्ग आणि एर्लांगेन, स्वीडनमधून बोतशिर्का, आयर्लंडमधून लिमरिक, पोलंडमधून लुब्लिन आणि ग्रीसमधून पात्रास. पात्रास हे इटलीकडे जाऊ पाहणाऱ्या निर्वासितांचे बंदर, तर लुब्लिन परदेशी विद्यार्थ्यांचे शहर. दोघांना एकच उत्तरपत्रिका चालणार नव्हती. त्यामुळे देवाणघेवाण झाली ती पद्धतीची. अफवा कशा वेचायच्या, प्रतिनिधी कसे तयार करायचे, काय उपयोगी पडले हे कसे मोजायचे, एवढे सगळ्यांनी सारखे घेतले. बाकीचे ज्याने त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवले. अमादोराने शाळा निवडल्या, कारण स्थलांतरितांच्या मुलांमुळे शाळांचा दर्जा घसरतो ही समजूत तिथे खोल रुजली होती. ‘अफवेला खाऊ घालू नका’ ही त्यांची घोषणा.

लोरेसने जे केले त्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. लिस्बन विमानतळाजवळ, लोरेसच्या हद्दीत, किंता दू मोशू ही वसाहत आहे. अंगोला, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, साओ तोमे अशा जुन्या पोर्तुगीज वसाहतींतून आलेली कुटुंबे तिथे राहतात. एके काळी ही माणसे अर्धवट सोडलेल्या इमारतींच्या सांगाड्यांत राहत होती. पुढे त्यांना पालिकेने नवी घरे दिली, पण बदनामी नव्या पत्त्यावरही मागे आली. टॅक्सीवाले आत यायला नाखूश असत. नोकरीच्या अर्जावर हा पत्ता लिहायला मुले कचरत. ऑक्टोबर २०१४ मध्ये पालिकेने रहिवाशांच्या मदतीने तिथे एक उत्सव भरवला आणि चित्रकारांना इमारतींच्या आंधळ्या भिंती रंगवायला दिल्या. पोर्तुगालचा जगप्रसिद्ध भित्तिचित्रकार व्हिल्स यानेही तिथे काम केले. आज त्या वस्तीत शंभराच्या आसपास भव्य चित्रे आहेत, आणि ती दाखवायला वाटाडे म्हणून वस्तीतलेच तरुण पुढे असतात. ज्या वस्तीला बाहेरचे लोक टाळत होते, तिच्यात परदेशी पाहुणे कॅमेरे घेऊन फिरू लागले. चित्राने गळकी पाइपलाइन दुरुस्त होत नाही, नोकरीही मिळत नाही, आणि कुणी तसा दावा करू नये. पण वस्तीतल्या मुलाला आपला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये, हेही छोटे काम नाही.

याच लोरेसमध्ये तीन वर्षांनी जे घडले ते सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. २०१७ च्या पालिका निवडणुकीत आंद्रे व्हेंतुरा हा उमेदवार उभा राहिला. रोमा समाज जवळजवळ सरकारी अनुदानावरच जगतो, असे तो जाहीरपणे बोलला. देशभर गदारोळ झाला, तो महापौर झाला नाही, पण पालिकेत निवडून आला. २०१९ मध्ये त्याने ‘शेगा’ हा पक्ष काढला. २०२५ च्या निवडणुकीत तो पक्ष पोर्तुगालच्या संसदेत जागांच्या संख्येने दुसऱ्या क्रमांकावर पोचला. म्हणजे ज्या शहराने भिंती रंगवून अफवांशी झुंज दिली, तिथेच एका अफवेने राजकारणात आपली वाट शोधली. मोहीम फसली, असा याचा अर्थ लावणे मला घाईचे वाटते. दीड वर्षाच्या प्रकल्पाने, थोड्या पैशांत, एका वस्तीचे नाव बदलू शकते. देशाचे वारे अडवण्याइतके बळ त्यात नसते. तरी अशा मोहिमांचे अहवाल लिहिणाऱ्यांनी रंगीत छायाचित्रांशेजारी हा निकालही मांडायला हवा.

न्यूर्नबर्गची गोष्ट याहून जड आहे. नाझींनी १९३५ मध्ये ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे या शहरात जाहीर केले. ती ओळख पुसण्यासाठी शहराने पुढे पुष्कळ केले. १९९३ मध्ये तिथे ‘मानवाधिकारांचा मार्ग’ हे शिल्प उभे राहिले, आणि वंशभेदाविरुद्ध एकवटलेल्या युरोपीय शहरांचा संघ २००४ मध्ये तिथेच स्थापन झाला. नेमक्या त्याच वर्षांत एका नवनाझी टोळीने जर्मनीत दहा माणसे ठार केली. त्यांतली नऊ स्थलांतरित पार्श्वभूमीची होती, आणि तीन खून न्यूर्नबर्गमध्येच झाले. पोलिसांचा तपास वर्षानुवर्षे मेलेल्यांच्या घराभोवतीच फिरत राहिला. अमली पदार्थांचा व्यवहार असेल, टोळीयुद्ध असेल, घरगुती वैर असेल. वृत्तपत्रांनी या खुनांना कबाबच्या नावाने हिणवणारे विशेषण लावले. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी उघडकीला आली तेव्हा कळले की विधवा आणि मुले इतकी वर्षे दुःखाबरोबर संशयही वाहत होती. अफवा फक्त कट्ट्यावर पिकते असे नाही. ती तपासाच्या फायलीतही असते, आणि तिथे तिच्याशी बोलायला कुणी प्रशिक्षित शेजारी नसतो. शहराची मोहीम स्वतःच्या शिपायापासून, कारकुनापासून, शिक्षकापासून सुरू व्हायला हवी असे म्हणतात ते यासाठी.

अमेरिकेत हेच काम दुसऱ्या वाटेने गेले. टेनेसी राज्यात २००६ च्या सुमारास स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी मोठे जाहिरातफलक लावले. ते मूळ रहिवाशांना उद्देशून होते. तुमचे पूर्वजही कधी तरी इथे नवखेच होते, असा त्यांचा आशय. बाहेरून आलेल्याला स्थानिक रीतिभाती शिकवणारे कार्यक्रम पुष्कळ होते. आधीपासून राहणाऱ्याच्या मनातल्या धास्तीशी बोलणारे थोडे. जानेवारी २००९ मध्ये नॅशव्हिल शहरात सरकारी कामकाज फक्त इंग्रजीत चालावे यासाठी सार्वमत झाले, आणि मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षी या कामातून राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी राहिली. आज तिच्याशी जोडलेली अनेक शहरे दर सप्टेंबरात ‘स्वागत सप्ताह’ साजरा करतात. पुढे जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन या राज्यशास्त्रज्ञांनी कार्यकर्ते दारोदार पाठवून प्रयोग केले. त्यांच्या ठिकाणांत मध्य टेनेसीही होते. ज्या दारात कार्यकर्त्याने न्यायनिवाडा न करता ऐकून घेतले आणि दोघांनी एकमेकांचे अनुभव सांगितले, तिथे मतांतला बदल लहान होता, पण काही महिने टिकला. जिथे नुसते मुद्दे मांडले, तिथे काही घडले नाही. बार्सिलोनाने आपल्या प्रतिनिधींना अनुभवाने जे शिकवले होते त्याला हा मोजमापाचा आधार मिळाला.

हे सगळे दूरच्या देशांचे आहे असे मराठी वाचकाला वाटायला नको. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले. मोबाइलवर धमकीचे संदेश फिरू लागले आणि पुणे, बेंगळुरू अशा शहरांतून हजारो माणसे मिळेल त्या गाडीने घराकडे निघाली. बेंगळुरूहून गुवाहाटीसाठी खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या, आणि एका वेळी पाचहून अधिक संदेश पाठवण्यावर देशभर काही दिवस बंदी आली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार केले. त्या महिन्यांत देशभर फिरणारी एक चित्रफीत होती, मोटरसायकलवरून येऊन मूल उचलणाऱ्या माणसांची. मूळ फीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृती मोहिमेची होती. तिच्यात तो माणूस मूल परत आणून ठेवतो आणि सावध राहायला सांगणारा फलक दाखवतो. तो शेवटचा भाग कुणी तरी कापला होता.

मार्च २०२३ मध्ये बिहारी मजुरांना तमिळनाडूत मारहाण होते आहे असे सांगणाऱ्या खोट्या चित्रफिती पसरल्या, तेव्हा काही वेगळे घडले. तमिळनाडू पोलिसांनी खुलासे हिंदीत काढले, मदत क्रमांक दिले, तिरुप्पूर आणि कोइम्बतूरमध्ये अधिकारी कामगारांना जाऊन भेटले. बिहार सरकारने आपले पथक तिथे पाठवले आणि ते कामगारांशी बोलून परतले. माणसे जिथून निघतात ते ठिकाण आणि जिथे पोचतात ते ठिकाण, दोघांनी मिळून एकाच अफवेला उत्तर दिले. युरोपातल्या अकरा शहरांच्या यादीत अशी जोडी नव्हती, ती सगळी माणसे घेणारी शहरे होती. आपल्याकडे मात्र दोन्ही टोके एकाच देशात आहेत. पुणे, पिंपरी-चिंचवड, भिवंडी, सुरत यांसारख्या शहरांनी जिथून माणसे येतात त्या जिल्ह्यांशी असा कायमचा धागा जोडायचा ठरवला, तर त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. वॉर्डावॉर्डात दोन-चार भाषा बोलणारी, बोलणे शिकलेली आणि वस्तीला ओळखीची असलेली माणसे लागतात, आणि ती अफवा येण्याआधी तयार असावी लागतात.